काळजी नसावी

यंत्राने डॉ. मंदाकिनी लोखंड्यांच्या मानेतल्या गाठीवर प्रकाश टाकला आणि पडद्यावर निकाल उमटला: ‘साधी गाठ. काळजी नसावी.’

“एकदा सुईने पेशी काढून बघा,” सत्तरीच्या मंदाताई म्हणाल्या.

“मॅडम, सुया कधीच बंद झाल्या,” तंत्रज्ञ मुलगी हसली. “आणि हे यंत्र तुमच्याच तीस वर्षांच्या रिपोर्टांवर शिकलंय.”

तीच तर भीती होती. म्हाताऱ्या पेशंटच्या पेशींत कॅन्सर दिसला, की मंदाताई रिपोर्टात हेच शब्द लिहायच्या. पेशंटने धसका घेऊ नये म्हणून. मग त्याच्या मुलाला बाहेर बोलावून खरं सांगायच्या.

“सुटलो बुवा!” त्यांचा मुलगा पराग म्हणाला.

मंदाताई दाराकडे बघत राहिल्या. परागला बाहेर बोलावणारं आता कोणी नव्हतं.