दुमडलेला कोपरा

तबक बायकांच्या शेवटच्या सतरंजीपर्यंत आलं तरी कोपरा दुमडलेली चिठ्ठी जागेवरच होती. अमृताने मान खाली घातली. बघणाऱ्याला वाटलं असेल, बाई प्रार्थनेत आहे. बाई चिठ्ठीवर डोळा ठेवून होती.

एक जानेवारीची सकाळची उपासना. लोणावळ्याच्या त्या लहानशा मंडळीत नवं वर्ष वचनाच्या चिठ्ठीने सुरू होतं. शास्त्रातलं एकेक वचन लिहून चिठ्ठ्या तबकात घालतात, तबक फिरवतात, आणि ज्याच्या हाताला जे येईल ते देवाने त्याला वर्षभरासाठी दिलं असं मानतात. चिठ्ठ्या लिहायचं काम सहा वर्षं अमृताकडेच होतं. यंदा तिने चौऱ्याऐंशी लिहिल्या. त्यातल्या एकीचा कोपरा दुमडला आणि ती तबकाच्या काठाशी, पटकन कुणाचा हात जाणार नाही अशी दडवली. खाटेवर पडलेल्या माणसाला येशू उठून चालायला सांगतो, ते वचन.

तिचा नवरा आकाश आठ महिने खाटेवर होता. नवलाख उंबरे गावाहून, कामावरून परतताना मोटारसायकल घसरली आणि पाय लुळे पडले. पुण्याचे डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन केलं तर उभा राहील. नाही जमलं तर पायांत उरलीसुरली जाणीव आहे तीही जाईल. होय की नाही ते उद्या कळवायचं होतं. मंडळीतही सगळे त्यासाठी प्रार्थना करत होते. आकाशने सगळं तिच्यावर सोपवलं. "तू देवाला विचार. तो म्हणेल ते करू," एवढंच म्हणाला.

तिने विचारलं होतं. गुडघे दुखेपर्यंत विचारलं होतं. पण वरून हूं की चूं नाही. पुढेपुढे तर आपण भिंतीशी बोलतोय असंच तिला वाटायला लागलं, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती. संडे स्कूलच्या मुलांना विश्वास शिकवणारी बाई ती! मग तिने ठरवलं, देव बोलत नाही ना, मग त्याच्या वतीने आपणच बोलू. ऑपरेशन व्हावं असं तिच्या मनात होतंच. चिठ्ठी घरी न्यायची आणि आकाशच्या हातात ठेवायची. देवाचा शब्द म्हटल्यावर तो मागेपुढे पाहणार नव्हता.

तबक शेजारच्या अंबूबाईपुढे आलं. अंबूबाई आंदर मावळातली. पहाटे घर सोडायची, निम्मी वाट चालत आणि निम्मी जीपने येऊन उपासनेला हजर व्हायची. डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षराची ओळख नाही. तिचा एकुलता एक प्रदीप चार वर्षांपूर्वी भांडून गेला, तो फिरकला नव्हता. दर वर्षी ती त्याच्याच नावाने चिठ्ठी काढते, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं.

अंबूबाईने डोळे मिटले. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली, तबकात चाचपडली आणि नेमकी तीच चिठ्ठी उचलली.

तबक अमृतापुढे आलं. हाताला आली ती चिठ्ठी तिने घेतली आणि उघडली. धीर धर, वाट पाहा, अशा अर्थाचं वचन होतं. अक्षर तिचंच.

"वाच गं बाई." अंबूबाईने आपली चिठ्ठी तिच्या मांडीवर ठेवली. "मला कुटं येतंय वाचाया."

दोन्ही चिठ्ठ्या आता अमृताकडे होत्या. तिने फारसा विचारही केला नाही. मांडीवरची मुठीत लपवली आणि आपली वाचली. "धीर धरून वाट पाहा, असं आलंय मावशी," म्हणत तीच तिने अंबूबाईच्या हातात ठेवली.

अंबूबाईचा चेहरा उतरला. "बरं," ती हळूच म्हणाली. "आजून थांबायचं म्हन की." आणि ती खोटी चिठ्ठी तिने जपून पदराच्या टोकाला बांधली.

ती गाठ बांधणारी बोटं अमृताला बघवेनात. चार वर्षं लेकाची वाट बघणाऱ्या आईला तिने, स्वतःच्या तोंडाने, आणखी वाट बघायला सांगितलं होतं. अपघाताआधी हीच म्हातारी उपासना संपली की आकाशच्या मोटारसायकलवर मागे बसून कामशेतपर्यंत जायची आणि त्याला वाटभर आशीर्वाद द्यायची. देवाला फसवताना अमृताला काही वाटलं नव्हतं. हिला फसवल्यावर मात्र मान वर होईना. लाजेने कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले. त्या दोघी तेवढ्या बसून होत्या.

"मावशी," अमृता म्हणाली. "मी खोटं वाचलं. तुमची चिठ्ठी ही आहे, उठून चालायला सांगणारी. आकाशला दाखवायला मला हवी होती. खूण करून मीच लपवून ठेवली होती, आणि तुमच्या हाताला लागली म्हणून चोरली."

तिने मूठ उघडली. आता ही चारचौघांत काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून ती बसली.

अंबूबाईने ती मूठ आपल्या खरबरीत हातांनी पुन्हा मिटवली. तिचे डोळे वाहत होते.

"ठिव तुज्यापाशीच," ती म्हणाली. "परदीपचं अवंदा मी इचारलंच न्हाई. आकाशनं काय करावं, त्येवडंच देवाला इचारून हात घातला हुता म्या."