सुतकाचा रस्सा

मिरचीच्या बिया जाळल्या की मेक्सिकोतल्या वाहाकाच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा शिंकतात.

ननांच्या जुन्या मठाचं हॉटेल झालं तेव्हा त्यांच्या खोल्यांत बाथटब बसले. मागचं दार तेवढं तसंच राहिलं.

इसाउराच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग आहे. तिच्या नवऱ्याला वाटतं, तो इस्त्रीचा.

डोंगरापलीकडच्या गावात डाळिंबाच्या झाडाखाली एक टर्की बांधलेली आहे.

*

"आज पिवळा रस्सा होता ना?" इसाउराच्या नवऱ्याने, वॉरनने, खोकत विचारलं.

"होता," तोमासा म्हणाली. "आता काळा आहे."

तिने मक्याची आणखी एक भाकरी निखाऱ्यावर टाकली आणि जळू दिली. दोन कॅनेडियन मैत्रिणी ॲप्रनने डोळे पुसत खिडकीपाशी सरकल्या. इसाउरा जागची हलली नाही.

तोमासा या हॉटेलात पाहुण्यांना स्वयंपाक शिकवते. इसाउरा तिची सख्खी धाकटी बहीण. मठ गेल्यावर आणि हॉटेल होण्याआधी इथे एक वकील राहायचा. त्याच्याकडे या दोघी लहानपणी मागच्या दाराने, घरच्या तव्यावर स्वतः भाजलेल्या भाकऱ्यांच्या टोपल्या पोचवायच्या. मग इसाउरा उत्तरेला गेली ती गेलीच. परवा आली ती पुढच्या दाराने, डोळ्यांवर काळा चष्मा, सोबत शिकागोचा नवरा. स्वयंपाकघरात तोमासाला पाहून ती थबकली. मग म्हणाली, "नमस्कार, बाई."

"या, बाई," तोमासा म्हणाली.

काल मका वाटायचा होता. इसाउराने पाट्यावर मुद्दाम वेडावाकडा हात चालवला. खांदे मात्र सवयीने बरोबर हलत होते.

"बाईंनी जन्मात पाटा पाहिलेला नाही वाटतं," तोमासा म्हणाली. कॅनेडियन मैत्रिणी हसल्या. वॉरनला बायकोची कीव आली. आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये तो म्हणाला, "हिला शिकवणार कोण? ही पाच वर्षांची होती, तेव्हाच आई गेली बिचारीची."

तोमासाचा हात थांबला. इसाउराने मान वर केली नाही.

"अरेरे," तोमासा म्हणाली. "पाणी घाला थोडं. कोरडं वाटू नका."

त्यानंतर दिवसभर ती कुणाची चेष्टा करायला गेली नाही.

आणि आज हा धूर. इसाउराने तो पहिल्या श्वासात ओळखला होता. चिचिलो, सुतकाचा काळा रस्सा. एरवी त्याला कुणी हात लावत नाही. घरातल्या माणसाला पुरून आले की तो रांधतात, आणि आलेल्यागेलेल्यांना वाढतात. मयत नसताना चूल अशी काळी केली, तर मयत दार शोधत येतं, असं त्यांची आईच सांगायची. इसाउराने असल्या गोष्टी केव्हाच सोडून दिल्या होत्या. तोमासा सोडणाऱ्यातली नव्हती. वाटेत मांजर आडवं गेलं तर ती अजूनही घरी परतून पाणी पिऊन निघत असेल.

इसाउराने चष्मा डोक्यावर सरकवला.

"कुणासाठी?" तिने स्पॅनिशमध्ये विचारलं.

"तुमच्या आईसाठी, बाई."

पातेल्यात पळी फिरत राहिली.

"साहेब काल म्हणाले ना, गेल्या म्हणून. तुम्ही तेव्हा एवढ्याशा. जेवण कुणी घातलं असेल, नसेल. म्हटलं, आपण घालू."

वॉरनला भरून आलं. त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "किती मायेची बाई आहे, बघ," तो म्हणाला.

इसाउराच्या तोंडात एकच प्रश्न आला होता, आई गेली? गावच्या भाषेत तो दोन शब्दांत मावला असता. वॉरनला त्यातलं अक्षर कळलं नसतं. पण आपल्या बायकोला ही भाषा येते, आणि समोरची बाई तिला त्याच भाषेत, एकेरीत उत्तर देते, एवढं कळलं असतं.

तोमासाने पळी काठाला टेकवली. पहिल्यांदाच तिने बहिणीकडे सरळ पाहिलं, आणि त्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. रस्सा बुडबुडला, खाली लागायला आला. तरी तिने ढवळला नाही.

इसाउरा खुर्ची ओढून बसली.

"मीठ बघा," तोमासा म्हणाली, आणि तिने ताट वाढलं.

कॅनेडियन मैत्रिणींनी दोन घास खाऊन पाण्याचे पेले उचलले. फार कडू आहे, त्या म्हणाल्या. इसाउरा खात राहिली. भाकरीचा तुकडा दोन बोटांत दुमडून, त्याचाच चमचा करून, ताट पांढरं होईपर्यंत.

"पटकन शिकलीस की," वॉरन म्हणाला.

दुपारी तिने त्याला सांगितलं, या धुराने डोकं उठलंय, समुद्रावर आजच जाऊ. आणखी दोन दिवसांचं भाडं भरलेलं आहे, तो म्हणाला. असू दे, ती म्हणाली. सामान पुढच्या दाराने निघालं. मागच्या दारापाशी तोमासा राखेने पातेलं घासत होती. गाडी सुरू झाल्याचा आवाज तिने ऐकला. बुडाचा काळा थर निघत नव्हता.

त्या दिवशी सकाळी, तोमासा कामावर निघताना, आईने डाळिंबाखालच्या टर्कीला मका घातला होता आणि विचारलं होतं, जावई तिखट खातो का.