परतीची रिक्षा

"या संग्रहातली 'परतीची रिक्षा' वाचली आणि मला रात्रभर झोप लागली नाही," ज्येष्ठ कवी शरदराव माइकवर म्हणाले, आणि प्रकाशनाच्या व्यासपीठावर बसलेल्या देवश्रीने मांडीवरचं पुस्तक पटकन मिटलं.

ती कविता संग्रहात नव्हती. संग्रहातच काय, कुठेच नव्हती. देवश्रीने ती अजून लिहिलीच नव्हती.

झालं होतं ते असं. देवश्री पोलादपूरला कॉलेजात शिकवायची आणि कविता करायची. पहिला संग्रह काढायचा तर मोठ्या नावाची प्रस्तावना हवी, असं प्रकाशकाने बजावलं. म्हणून ती हस्तलिखित घेऊन महाडला शरदरावांच्या घरी गेली. त्यांच्या कविता पाठ करतच ती मोठी झाली होती. या माणसाने आपलं लिहिलेलं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावं, मग वाईट आहे म्हणाले तरी चालेल, एवढीच तिची हौस. शरदरावांनी भाजीवाल्याने जुडी पारखावी तसं हस्तलिखित उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"प्रस्तावना तूच लिहून आण. मी सही करतो. सगळे तसंच करतात, लाजू नकोस."

परतीच्या एसटीत तिला रडू आलं. घरी येऊन ती मुकाट्याने लिहायला बसली. स्वतःच्याच कवितांना 'अस्सल' आणि 'सशक्त' म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. त्यापेक्षा न लिहिलेल्या कवितेचं कौतुक करणं सोपं गेलं. मुलीला मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला आई वीर स्टेशनवर येते, गाडी सुटते, आणि आई त्याच रिक्षातून एकटीच महाडला परत निघते. रस्ताभर तिचा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर असतो. ही कविता देवश्रीच्या मनात कॉलेजपासून होती आणि पहिल्या ओळीपुढे हलत नव्हती. पुस्तक छापून होईपर्यंत जमेल, असं तिला वाटलं. जमलं नाही. सही करताना तरी सर विचारतील, ही कविता कुठे आहे गं, अशी तिला भीती होती आणि आशाही होती. त्यांनी एवढंच विचारलं, सही कुठे करू.

आणि आता तेच शरदराव प्रस्तावनेतली तिची वाक्यं डोळे मिटून, आवाज कातर करून म्हणत होते. मग त्यांनी वळून पाहिलं.

"देवश्री, ऊठ. वाचून दाखव ती."

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक होतं. एकाने जरी अनुक्रमणिका उघडली असती तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. कुणीही उघडली नाही. देवश्री माइकपाशी आली. खरं सांगून टाकायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. लोक हसले असते, शरदराव चिडले असते, आणि तिचं पुस्तक पहिल्याच दिवशी बुडालं असतं.

"नाही वाचवत, सर," ती म्हणाली. "ती कविता मला मोठ्याने वाचवत नाही."

सभागृह गलबललं. बायकांनी पदर डोळ्याला लावले. शरदरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग काय, कविता धावतच सुटली. परीक्षणं आली, ती सगळी प्रस्तावनेवरून उतरवलेली. एका समीक्षकाने तर 'परतीची रिक्षा'मधल्या लयीचं दीड पान विवेचन केलं. पुण्याच्या एका मंडळाने पुरस्कार दिला, आणि मानपत्रात त्याच कवितेचं नाव ठळक अक्षरात होतं. देवश्री आधी घाबरली, मग तिला या सगळ्यांची चीड आली, मग सवय झाली. शाल घेताना मान किती झुकवायची, तेही जमायला लागलं.

पुण्याहून आली त्या दुपारी फोन वाजला. पुस्तकाच्या शेवटी तिचा नंबर छापला होता. त्यावर आलेला हा पहिलाच फोन.

"देवश्री बाय ना?"

"हो, मीच."

"मी उमरठवरनं सुंदराबाई. सुनेनं तुजं पुस्तक आणलंय. मला वाचता येत नाय, ती रोज संध्याकाळी वाचते नि मी ऐकते. काल सगल्या सरल्या बघ. ती चुलीवरच्या दुधाची हाय ना, ती मला लय आवडली. पण ती शेवटाला उगाच लांबलीय, रागावू नको हां."

देवश्रीचे डोळे भरून आले. दुधाची कविता शेवटी लांबली होती, हे तिला स्वतःला माहीत होतं. दुसरं कुणी ते म्हणालं नव्हतं. बोलत राहा, असं तिला सुंदराबाईंना सांगायचं होतं.

"पण ती रिक्षाची नाय गावली गो," सुंदराबाई म्हणत होत्या. "पयल्या पानांत तिचं येवढं लिवलंय, नि आत नायच. सुनेनं दोनदा शोधली. माजी पोर पण वीरवरनंच गेली गो. तेवढी एक वाचून दाखव. मी ऐकते."

मानपत्र अजून टेबलावर तसंच पडलं होतं, भिंतीवर लावायचं राहिलं होतं. देवश्रीने डोळे पुसले आणि आवाज नीट केला.

"राँग नंबर लागलाय तुम्हाला," ती म्हणाली, आणि फोन बंद केला.