पिच्चर कसा वाटना?

"अरे, जग बुडनं ना? मंग याच्या गाडीमा पेट्रोल कोन टाकी ऱ्हायना?" गिरधरमामा खुर्चीतून ओरडले आणि घरात हशा पिकला.

त्यांच्या भाच्याने, हेमकांतने, मोठ्या हौसेने पिच्चर लावला होता. रविवारची दुपार होती आणि म्हसावदचं ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं. जग संपल्यावर माणसं कशी तगतात, त्याची म्हणे गोष्ट. मोबाइलवर जो तो नावाजत होता. पण कसलं काय! हिरोची दाढी कोरलेली. हिरोइनला प्यायला थेंब नाही, अन् केस मात्र नुकतेच न्हाल्यासारखे. "उपाशी बाईचे गाल तर बघा," म्हणत हेमकांतच्या बायकोने, रंजिताने, चहा आणला. हेमकांत तर प्रत्येक चुकीवर तुटून पडत होता. बँकेतला माणूस, खोट काढण्यात पटाईत.

मग एक प्रसंग आला. हिरो बायको, लेकरू, पाण्याचे डबे सगळं गाडीत भरतो आणि म्हाताऱ्या बापाला दारातच सोडून निघतो. म्हातारा रडत, ठेचकाळत गाडीमागे पळतो.

"हाई काही पटत नही," मामा म्हणाले. "पोटना पोऱ्या बापले असा टाकीसन जास का?"

हेमकांतने रिमोट उचलून उगाच आवाज कमी केला. नाशिकला त्याची बदली झाली होती आणि दोन खोल्यांची जागाही ठरली होती. त्यात आई मावणार नव्हती. आखाजीचा सण झाला की तिला सांगू, असं नवराबायकोचं ठरलं. आखाजी सरली, झाडांवरचे झोके उतरले, तरी त्याची जीभ रेटत नव्हती. आईची भीती नव्हती, लाज वाटत होती. रंजिताने किराणा दुकानातून आणलेली रिकामी खोकी कपाटावर चढली होती. पापड-कुरडया भरायला, असं तिने सासूला सांगितलं होतं.

त्याची आई, गजराबाई, उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती. तिथून गोठ्यातली म्हैस दिसायची. म्हैस म्हातारी, कधीचीच भाकड; आता गाभण राहणंही शक्य नव्हतं. चहालासुद्धा डेअरीच्या पिशवीचं दूध यायचं. विकून टाक, उगाच चारा खाते, असं सगळे सांगून थकले. म्हातारी ऐकेल तर शपथ!

"आक्का, तू सांग," मामांनी बहिणीला डिवचलं. "तुले पिच्चर कसा वाटना?"

"खोटा शे."

"काय खोटं शे, माय?" हेमकांतने विचारलं.

"डोकरा असा गाडीना मांगे पळस का कधी?" गजराबाईने एकदा कपाटावरच्या खोक्यांकडे पाहिलं, मग लेकाकडे. "डोकराले बठ्ठं आधीच समजस. तो सोताच सांगस, जा रे भाऊ, माले आठे काम शे."

मामांचं हसू मावळलं. रंजिता कप हातात धरून तशीच उभी राहिली. हेमकांत आईकडे सरकला.

"माय..."

"सुखे जा नाशिकले," म्हातारीने पुढची शेंग उचलली. "मन्ही म्हैस गाभन शे. तिले टाकीसन मी कशी येऊ?"

हेमकांतने गोठ्याकडे पाहिलं. म्हैस रवंथ करत उभी होती. 'माय, ती तर भाकड शे,' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं, तर आईला सोबत न्यावंच लागलं असतं.

"बरं, माय," तो म्हणाला. "पारडू व्हयनं का फोन करजो."