मालकीण

घरातली थोरली सून पाच वर्षं जुन्या मशिनवर पिशव्या शिवत होती. दुकानदार शंभर-शंभर नग मागू लागले, तशी तिने बायकांच्या उद्योगाला मिळणाऱ्या मदतीची चौकशी केली आणि नमुन्याच्या चार पिशव्या घेऊन एकटीच कार्यालयात गेली.

खिडकीतल्या बाईंनी पिशवी उलटून शिवण पाहिली. "हात छान बसलाय हो तुमचा," म्हणत त्यांनी तिचं नाव संगणकात घातलं आणि त्या थबकल्या.

"ताई, ही मदत एकदाच मिळते. तुम्ही ती तीन वर्षांपूर्वीच घेतलीय, कपाटांच्या कारखान्यासाठी."

"अहो, तो तर आमच्या भाऊजींचा कारखाना!"

बाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मालकीण म्हणून तिचंच नाव होतं. खाली सहीही तिचीच होती, दिराने 'वहिनी, बँकेचं काम आहे' म्हणत घेतलेली.

"मग आता मी तक्रार करू?"

बाईंनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"करा ना. पण खोटं सांगून मदत घेतल्याचा गुन्हा मालकावर दाखल होतो, ताई."