कुठलं माकड?

प्राणिशास्त्राचे निवृत्त सर महिनाभर घरच्यांची नावं विसरत होते, म्हणून लेक त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन आली होती. तारीख, वार त्यांनी बरोबर सांगितले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ऑक्टोपस आणि माकड यांच्यात साम्य काय?"

सर भिंतीकडे बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी हेच तर शिकवलं होतं! लेक खुर्चीत पुढे सरकली.

"कुठलं माकड?" सरांनी विचारलं.

"कुठलंही, काका. आपलं साधं माकड," डॉक्टरीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

"साधं माकड असं काही नसतं. स्पायडर मंकी असेल, तर त्याची शेपूट हातासारखी फांदी चाचपते, पकडते. ऑक्टोपसचे आठही हात तेच करतात. पण सगळ्याच माकडांच्या शेपटीला हे जमत नाही. आणि फरक कोण विचारणार? एकाला पाठीचा कणा, दुसऱ्याच्या अंगात हाडच नाही! प्रश्न काढायचा तर नीट काढावा माणसानं."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं आणि सरांच्या औषधांची यादी पाहिली. "काळजीचं कारण नाही. महिन्यापूर्वी सुरू झालेल्या या झोपेच्या गोळीनं विसरायला होतंय. ती बदलू."

बाहेर येताच लेकीनं आईला फोन लावला.

"झाली का गं परीक्षा? पास झाले ना?" आईनं पहिल्याच रिंगला फोन उचलला होता.

"आई, बाबांनी डॉक्टरांनाच नापास केलं."

आई हसत हसत रडायला लागली. "सुटले गं बाई! म्हणजे आहेत तसेच आहेत."