वीस भोकांची पाटी

"कामावर परत जायची इच्छा किती? एक ते पाचमध्ये सांगा," मॅडमनी तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं.

"पाच. मागच्या दोन्ही वेळेसही पाचच सांगितलं होतं," मी म्हणालो. कारखान्यात प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटं गेली, इच्छा शाबूत आहे. पण या पुनर्वसन केंद्रात माणसाच्या शब्दाला किंमत नाही, चाचणी लागते.

त्यांनी लोखंडी पाटी पुढ्यात सरकवली. वीस भोकं, वीस खुंट्या, पाच मिनिटं. चौथ्याच भोकात खुंटी अडकली. बोट फिरवून पाहिलं, तर कडेला लोखंडाची खरखरीत, टोचणारी कूस निघालेली. पुढची भोकंही तशीच. बावीस वर्षं फिटर होतो. खुंटी दाबून घुसवायला मन होईना. खिशातली छोटी कानस काढली आणि डाव्या हातानं एकेक भोक साफ करत गेलो. शेवटच्या भोकावरून कानस फिरली तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "वेळ संपली."

खुंट्या बसल्या होत्या तीनच.

"भोकं खराब होती, मॅडम. आता लावून बघा."

"ते चाचणीत धरत नाहीत," म्हणत त्यांनी माझ्या कागदावर लिहिलं, 'कामाची इच्छा अत्यल्प.' आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी दारात चपला घालत होतो. माझ्या खुर्चीत बसलेल्या त्या माणसाच्या वीसच्या वीस खुंट्या दोन मिनिटांत सरसर आत गेल्या.

"बघा, कुंजीर," मॅडम मागून मला म्हणाल्या, "इच्छा असली की असं होतं."